'काळी पण सुंदर' की 'काळी व सुंदर'?

बोरूबहाद्दर:
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती परंपरेवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि दोन दिवस एका 'पण'पाशी अडलोय. बायबलातल्या गीतरत्नात (1:5) नायिका यरुशलेमच्या मुलींना सांगते, मी काळी आहे आणि/पण सुंदर आहे. 1611 च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात 'पण' आहे. 1989 च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्डमध्ये त्याचं 'आणि' झालंय. लेखाचा सगळा भार या बदलावरच आहे. मुळात काय आहे?

घाटवळण:
हिब्रूत 'शेखोरा अनी वे-नावा' आहे. शेखोरा म्हणजे काळी, अनी म्हणजे मी, नावा म्हणजे सुंदर. भांडण 'वे'चं. हे उभयान्वयी 'आणि'लाही चालतं, 'पण'लाही. मागचंपुढचं बघून ठरवायचं. जुन्या ग्रीक भाषांतराने 'काइ' घेतलं, म्हणजे 'आणि'. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमने 'सेद' केलं, म्हणजे 'पण', आणि पश्चिम युरोप पुढे हजारेक वर्षं जेरोमच वाचत राहिला.
जाता जाता: आपला 'व' फारसीच्या वाटेने अरबीतून आला असं मानतात, आणि तो अरबी 'व' हिब्रू 'वे'चा सख्खा भाऊ. तेव्हा 'काळी व सुंदर' लिहिलंत तर मूळ अक्षरच परत आलं म्हणायचं!

पाटावरवंटा:
थांबा, पुढचंच वचन वाचा. ती म्हणते, माझ्या काळेपणाकडे टक लावून बघू नका, मला उन्हाने रापवलंय. भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं. म्हणजे ती चक्क सफाई देतेय. सफाईत 'पण'च येणार. शिवाय हा उन्हाचा रंग झाला, वंशाचा कुठे?

घाटवळण:
व्याकरणापुरतं मान्य. पण 'पण' वाचला की कोणाच्या कानात काय वाजतं तेही बघा. आपल्याकडे स्थळ सांगताना म्हणतात ना, 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस'. तो 'पण' ज्या मुलीने दाराआडून ऐकलाय तिला व्याकरण शिकवू नये. उलट तुकोबा विठ्ठलाला सरळ 'सावळे सुंदर' म्हणतात, मध्ये काहीच नाही. (देवाला जे चालतं ते सुनेला चालत नाही, हा वेगळा धागा.)

बोरूबहाद्दर:
लेखात हेच आहे. गुलामगिरीतून आलेल्या लोकांनी हे पुस्तक मालकांच्या हातून घेतलं आणि त्यातच स्वतःचा चेहरा शोधला. मार्टिन ल्यूथर किंग, म्हणजे बाप्टिस्ट पाळक, 1967 च्या ऑगस्टमध्ये अटलांटात भाषण करताना याच शब्दांवर आले. आपण उभं राहून म्हटलं पाहिजे: मी काळा आहे, पण मी काळा आणि सुंदर आहे. एकाच वाक्यात आधी 'पण', मग 'आणि'! त्याच भाषणात त्यांनी रॉजेटच्या थिसॉरसचा, म्हणजे इंग्रजी समानार्थी कोशाचा, हिशेबही मांडला: काळेपणाचे सुमारे 120 समानार्थी शब्द, त्यातले निदान 60 अपमानकारक, पांढरेपणाचे 134, सगळे चांगले.

पाटावरवंटा:
हा हिशेब मराठीत कोणी करावा. काळाबाजार, काळं धन, काळी जीभ, तोंड काळं करणे... दुसऱ्या बाजूला 'काळी आई' एकटी उभी. आणि काळी मैना, मे महिन्यापुरती.
बरं, किंग यांचं वाक्य पटलं. माझा 'पण' मागे घेतो, सहाव्या वचनापुरता राखून.

सुपारीफूल:
'व' ठरलं असेल तर 'काळी'चं काय? वर्तमानपत्रं सरसकट 'कृष्णवर्णीय' लिहितात. मला तो शब्द पांघरूण घातल्यासारखा वाटतो. 'मी कृष्णवर्णीय व सुंदर आहे' असं कोणती बाई म्हणेल?

घाटवळण:
कोणतीच नाही. माझा नियम असा: वचनात 'काळी', संस्थेसाठी, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चसाठी, 'ब्लॅक चर्च', बातमीत 'कृष्णवर्णीय' चालवून घ्यावं. नावांच्या बाबतीत तर त्यांचं त्यांनीच काय ठरवलं ते बघावं. रिचर्ड ॲलन गुलामगिरीत जन्मले, स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, आणि 1816 मध्ये त्यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात जो पंथ उभा राहिला त्याच्या नावात, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, पहिलाच शब्द 'आफ्रिकन' आहे. तो आजही तसाच आहे. 1870 मध्ये निघालेल्या दुसऱ्या मेथडिस्ट पंथाने मात्र 'कलर्ड' (रंगाचे) घेतलं होतं, सी.एम.ई. म्हणजे कलर्ड मेथडिस्ट एपिस्कोपल, त्यातला तो सी. 1954 मध्ये त्यांनी त्याच सी चं 'ख्रिश्चन' करायचं ठरवलं. आद्याक्षरं तीच राहिली, रंग गेला.

सुपारीफूल:
आणि इंग्रजीत हल्ली 'ब्लॅक'चा बी मोठा काढतात, ते देवनागरीत कसं दाखवायचं? आपल्याकडे मोठं अक्षरच नाही.

बोरूबहाद्दर:
ठळक टाइप करणार नाही, नाहीतर जाहिरात वाटेल. शीर्षकात 'काळी व सुंदर' आणि मजकुरात 'ब्लॅक चर्च', असं पाठवतो. आता मुद्रितशोधकाने 'व' खोडून 'पण' केलं नाही म्हणजे मिळवलं.