कुकीविक्री आणि मुलींची ऑनलाइन सुरक्षा
कुकी म्हणजे बिस्किटं विकण्यासाठी 8-9 वर्षांच्या मुलींना इंटरनेटवर आणूच नये, हे मत मला पटत नाही. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेतल्या मुली कुकी विकून निधी जमवतात; त्या संघटनेनं डिसेंबर 2014 मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी ‘डिजिटल कुकी’ हे व्यासपीठ आणलं. त्यात मुलीच्या पानावर फक्त पहिलं नाव दिसतं, आणि 13 वर्षांखालच्या मुलीचं पान पालकांच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही. आधी इंटरनेट सुरक्षेची शपथ मान्य करावी लागते. ती भराभर टिक करून पुढे जाऊ नका! लेकीला शेजारी बसवा, प्रत्येक ओळीचा अर्थ तिलाच सांगू दे. तिच्या पानावर टाकायच्या व्हिडिओत मागे घराचा नंबर किंवा शाळेचा टी-शर्ट दिसतोय का, तेही तिलाच शोधू दे. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकताना तिचं आडनाव, शाळा कृपया लिहू नका. काका-मावशी कौतुकाने तो मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवतात.