गॅलिसियात एक सत्र शिकण्यासाठी जायचे आहे: भाषा, श्रेयांक आणि व्हिसा यांबद्दल मार्गदर्शन हवे

मिरकरवाडा, रत्नागिरी

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. येत्या सप्टेंबरपासून एक सत्र स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर, गॅलिसिया प्रांतातल्या विगो विद्यापीठाच्या सागरी विज्ञान शाखेत, पाहुणी विद्यार्थिनी म्हणून शिकावे असे माझ्या मनात आहे.

गॅलिसियाच का, तेही सांगते. माझी आई ओहोटीच्या वेळी काळबादेवीच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढते. मी लहान असताना तिची पाटी दोन तासांत भरत असे. आता अख्खी ओहोटी निघून जाते आणि तरी पाटीचा तळ दिसत राहतो. गॅलिसियातही हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायाच करीत आल्या आहेत. मात्र तिथे त्यांच्याकडे परवाना असतो, मच्छीमारांची संघटना सभासद म्हणून त्यांची बाजू मांडते, आणि एका दिवशी एकीने किती शिंपल्या काढायच्या याची मर्यादा ठरलेली असते. ही व्यवस्था चालते कशी, हे मला तिथे राहून शिकायचे आहे.

मी स्पॅनिशची अगदी प्राथमिक पातळी पूर्ण केली आहे. तेवढ्यावर वर्गातले समजेल का, तिथले श्रेयांक इथे धरले जातात का, आणि व्हिसाची तयारी केव्हापासून करावी? बाबांच्या बोटीचे कर्ज अजून फिटलेले नाही, त्यामुळे वाया जाणारा एकेक रुपया मला डोळ्यांसमोर दिसतो.

मालवण

ताई, मी त्याच भागात एक सत्र काढून आलो आहे, म्हणून आधी श्रेयांकांचे सांगतो, कारण माझे नुकसान तिथेच झाले. निघण्यापूर्वी विभागात विचारले तेव्हा "ये जाऊन, बघू" असे तोंडी उत्तर मिळाले आणि मी त्यावर विसंबलो. परत आल्यावर तिथल्या एकाही विषयाला इथला समकक्ष विषय मिळेना, आणि मला ते सत्र पुन्हा पूर्ण करावे लागले. तुम्ही तसे करू नका. युरोपात एका सत्राचे 30 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे वर्गातला व घरचा अभ्यास मिळून 25 ते 30 तास धरतात. आपल्याकडची मोजणी निराळी आहे. त्यामुळे तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, किती श्रेयांक मिळतील आणि गुण कसे बदलले जातील, हे विभागप्रमुखांच्या सहीनिशी कागदावर घेतल्याखेरीज विमानाचे तिकीट काढू नका. तिथे गुण दहापैकी देतात, पाचला उत्तीर्ण आणि सातपासून पुढे चांगला दर्जा मानतात. सरळ दहाने गुणून टक्के काढले तर तुमचे काम आहे त्याहून हलके दिसेल.

अभ्यासाच्या दृष्टीने तुमची निवड उत्तम आहे. आरोसाच्या खाडीत लाकडी तराफे नांगरलेले दिसतात, त्यांना तिथे बातेआ म्हणतात. एका तराफ्याखाली साधारण बारा मीटर लांबीचे, पाचशेपर्यंत दोर सोडलेले असतात आणि त्या दोरांवर आपल्या शिनाणे नावाच्या शिंपल्यांचे भाऊबंद वाढतात. गॅलिसियात असे तीन हजारांहून अधिक तराफे आहेत. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचे पाणी बाहेर लोटतो, खालचे थंड, पोषक पाणी वर येते, आणि त्यावरच हे सगळे पोसले जाते. पाण्यात विषारी शेवाळ वाढले की सरकारी प्रयोगशाळा तेवढ्या भागातली काढणी थांबवते आणि पाणी निवळले की पुन्हा परवानगी देते. हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले तर मुळीच सोडू नका.

पावसाचेही लक्षात असू द्या. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पडतो, म्हणजे इथला पावसाळा आटोपून तुम्ही दुसऱ्या पावसाळ्यात उतराल. आपल्याला पावसाचे भय नाही, पण तो थंडीतला पाऊस आहे, हे विसरू नका.

दापोली (स्पॅनिश शिकवते)

प्राथमिक पातळीवर बाजारहाट होईल, पण व्याख्यान समजणार नाही. मधल्या पातळीपर्यंत, म्हणजे बी 1 च्या पुढे पोहोचण्याचा प्रयत्न करा आणि उरलेले सगळे महिने त्याला द्या. मराठी माणसाला एक गोष्ट मात्र सहज येते, जिच्यापाशी इंग्रजीतून शिकणारे फार अडखळतात. "मे गुस्तान लास आल्मेखास" म्हणजे शब्दशः "मला तिसऱ्या आवडतात". दोन्हीकडे क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, आवडून घेणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. एकच तिसरी असेल तर तिकडे "गुस्ता" आणि इकडे "आवडते". त, द हे वर्णही आपल्यासारखे दातांवरचे आहेत. म्हणून माझे सांगणे असे की स्पॅनिश इंग्रजीच्या वाटेने शिकू नका, सरळ मराठीतून शिका. आणि विगोचा उच्चार तिथे "बीगो" असा ऐकू येईल, गोंधळू नका.

मालवण

ताईंनी उच्चाराचा विषय काढला म्हणून आणखी एक सांगतो. गॅलिसियाची स्वतःची भाषा आहे, ती पोर्तुगीजची सख्खी बहीण आहे, आणि विद्यापीठात काही विषय त्याच भाषेत शिकवतात. विषय निवडण्यापूर्वी तो कोणत्या भाषेत आहे हे पाहून घ्या. पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंनी माझ्या हातात किल्ली ठेवत "चाबे" म्हटले आणि मग खिडकीकडे बोट करून "शानेला" म्हटले, तेव्हा मला एकदम आजीच्या घरातली चावी आणि जनेल आठवली. त्या क्षणापासून तो गाव मला परका वाटला नाही.

अलिबाग

माझी मुलगी स्पेनमध्ये शिकून आली, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो. 90 दिवसांहून अधिक राहायचे तर शेंगेन पर्यटक व्हिसा चालत नाही, दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा लागतो. मुक्काम 180 दिवसांच्या आत बसवता आला तर फार बरे, कारण त्यापुढे पोलिसांचा दाखला व वैद्यकीय दाखला मागतात आणि तिथे पोहोचल्यावर ओळखपत्रासाठीही अर्ज करावा लागतो. खर्चाची ऐपत दाखवण्यासाठी 2025 साली महिन्याला 600 युरो हा आधार धरला जात होता. अर्ज करताना चालू आकडा पाहावा. आरोग्य विमा स्पेनमध्ये मान्यता असलेल्या कंपनीचाच हवा.

नावाकडेही लक्ष द्या. तिथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, आणि आपल्या पासपोर्टवर मुलीच्या नावापाठोपाठ वडिलांचे नाव येते. माझ्या मुलीच्या प्रवेशपत्रावर माझे नाव तिचे पहिले आडनाव म्हणून छापले गेले, आणि ते दुरुस्त होईपर्यंत व्हिसाचा अर्ज तीन आठवडे अडून राहिला. प्रवेशपत्र हाती येताच पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा.

मिरकरवाडा, रत्नागिरी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. विषयांची यादी आजच काढून ठेवली असून सोमवारी विभागप्रमुखांकडे सहीसाठी नेणार आहे. सत्र सप्टेंबर ते जानेवारी असल्याने मुक्काम 180 दिवसांच्या आत बसतो. दापोलीच्या ताई, आपल्याकडे संध्याकाळचा वर्ग असेल तर कृपया कळवावे. सकाळच्या ओहोटीला मी आईबरोबर खाडीत असते.