मदत हवी आहे: पायथनमधील सेटिंग शोधणारा कोड सोपा करताना 0 आणि फॉल्स कसे जपावेत?

नमस्कार. आमच्या पायथन प्रकल्पात प्रत्येक सेटिंग ठरलेल्या क्रमाने शोधली जाते: आधी कमांड लाइन, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्यानंतर आयएनआय फाइल (सेटिंग्ज लिहिलेली साधी मजकूर फाइल) आणि कुठेच न सापडल्यास डीफॉल्ट. एकात एक अडकलेल्या इफ-एल्समुळे हे फंक्शन वाचणे अवघड झाले आहे, म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चारही शोध 'ऑर'ने जोडून एका ओळीत आणावेत असे सुचवले.

ओळ सुबक दिसते, यात वाद नाही. परंतु 0, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग या तिन्हींना 'ऑर' असत्य मानत असल्यामुळे, वापरकर्त्याने कमांड लाइनवर रिट्रायची (पुन्हा प्रयत्नांची) संख्या मुद्दाम 0 दिली, तरी ती डावलली जाऊन फाइलमधला 3 लागू होईल, आणि एररही येणार नाही.

त्याऐवजी पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधील चेनमॅप वापरावा असे मला वाटते. तो डिक्शनऱ्या दिलेल्या क्रमाने तपासतो आणि मूल्य खरे आहे का खोटे हे न पाहता ते नाव (की) डिक्शनरीत आहे का, एवढेच पाहतो. मात्र कमांड लाइन वाचणारे आर्गपार्स न दिलेल्या पर्यायांच्या जागी नन ('मूल्य नाही') ठेवत असल्याने शोध पहिल्याच थरात, म्हणजे कमांड लाइनपाशीच, थांबतो; त्यावर डीफॉल्ट सप्रेस करण्याचा, म्हणजे न दिलेला पर्याय नोंदवूच न देण्याचा, उपाय मला लागू पडला आहे. आयएनआय फाइल वाचणारा कॉन्फिगपार्सर कीची अक्षरे लहान करतो आणि आमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मोठ्या अक्षरांत आहेत, तेव्हा नावे आधी एकसारखी करावी लागतील, पण ते किरकोळ काम आहे.

खरी अडचण टाइपची आहे. एन्व्हायर्नमेंटमधून येणारे प्रत्येक मूल्य स्ट्रिंग असते आणि 'फॉल्स' या स्ट्रिंगवर बूल (मूल्याचे ट्रू किंवा फॉल्समध्ये रूपांतर) चालवल्यास उत्तर ट्रू येते. रूपांतर प्रत्येक थर वाचतानाच करावे, की चेनमॅपमधून मूल्य मिळाल्यावर एकाच ठिकाणी? दुसरा मार्ग मला अधिक नेटका वाटतो, परंतु त्यात चुकीचे मूल्य नेमके कोणत्या थरातून आले हे एरर मेसेजमध्ये सांगण्यासाठी चेनमॅपच्या मॅप्स यादीत (सर्व थरांच्या यादीत) पुन्हा शोधावे लागते, आणि मग सोपेपणा कितपत उरतो?

शिवाय, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामे ठेवले असेल, तर ते 'दिलेले नाही' असे धरावे की 'मुद्दाम रिकामे दिले' असे? आपल्या प्रकल्पांत याबाबत कोणता नियम पाळता आणि तो कोडमध्ये कुठे लिहिता, हे कृपया सांगावे.