तांब्याची विशिष्ट उष्माधारकता कमी का येतेय?

अकरावी_पुणे
शुक्रवारच्या प्रॅक्टिकलला ८० ग्रॅमचा तांब्याचा ठोकळा मिळाला. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम तांबं एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, काढायची होती. दोऱ्याला बांधून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला, मग कॅलरीमापीतल्या (उष्णता मोजायच्या भांड्यातल्या) १०० ग्रॅम पाण्यात सोडला. पाणी २५.० वरून २९.४ °से वर गेलं.

पाण्याला मिळालेली उष्णता: १०० × ४.१८ × ४.४ = १८३९ ज्यूल (४.१८ ही पाण्याची विशिष्ट उष्माधारकता)
ठोकळा उतरला: १०० − २९.४ = ७०.६ अंश
उत्तर: १८३९ ÷ (८० × ७०.६) = ०.३२६

पुस्तकात ०.३८५ आहे. आकडेमोड तीनदा तपासली. बाकीच्यांनी जर्नलमध्ये सरळ ०.३८ लिहून टाकलंय. मला तसं नाही करायचं, पण चूक सापडत नाहीये.

सहज_वाचक
गुणाकार-भागाकार बरोबर आहेत. कॅलरीमापी कशाचा होता?

अकरावी_पुणे
अ‍ॅल्युमिनियमचा, ५० ग्रॅम. वजन वहीत आहे, पण हिशोबात घेतलं नाही.

प्रयोगशाळेतली_ताई
तिथेच अडलंय बघ. पाण्याबरोबर भांडंही ४.४ अंशांनी तापलं. त्याला ती उष्णता ठोकळ्यानेच दिली: ५० × ०.९० × ४.४ = १९८ ज्यूल (०.९० ही अ‍ॅल्युमिनियमची विशिष्ट उष्माधारकता). एकूण झाले २०३७.

दुसरं, तू पुण्यात आहेस. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून जो आकडा दिसेल तोच घ्यायचा. मग ठोकळा उतरला ६८.६ अंश.

२०३७ ÷ (८० × ६८.६) = ०.३७१

आता फरक चार टक्क्यांच्या आत आला. तुझा सगळा हिशोब ४.४ अंशांवर उभा आहे, त्यात ०.२ इकडचं तिकडं झालं तरी उत्तर साडेचार टक्के हलतं. त्यामुळे ०.३७१ हे चांगलं उत्तर आहे. जर्नलमध्ये तेच लिही, आणि खाली ही कारणंही. बावीस वर्षं जर्नल तपासली मी. सगळ्या वर्गाचं ०.३८ आलेलं दिसलं की वाईट वाटायचं, कारण ठोकळ्याने काय सांगितलं ते कोणी ऐकलेलंच नसायचं.

अकरावी_पुणे
ताई, खूप आभार! एक विचारू? ठोकळा उचलला तेव्हा दोऱ्यातून पाणी ठिबकत होतं. त्याने फरक पडतो?

प्रयोगशाळेतली_ताई
पडतो, आणि तोही उलट्या बाजूने. एक ग्रॅम उकळतं पाणी २९.४ पर्यंत उतरताना २८७ ज्यूल देतं, म्हणजे तुझ्या भांड्याने घेतले त्याहून जास्त. ते ठोकळ्याच्या नावावर जमा होतं आणि उत्तर फुगतं. हवेतून नेताना ठोकळा निवतो, त्याने उत्तर घटतं. दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून नुसतं उत्तर जुळलं यावर भरवसा ठेवू नकोस.

पुढच्या वेळी ठोकळा टिपकागदावर झटकन टेकवून आत सोड. शेवटी सगळ्याचं मिळून पुन्हा वजन कर. भांडं ५०, पाणी १००, ठोकळा ८०. दोऱ्याचं कोरडं वजन वगळून २३० च्या वर जे भरेल, तेवढं गरम पाणी ठोकळ्याबरोबर आलं.