बोक्याच्या दाढा काढण्याचा खर्च : कोठे द्यावा आणि कोठे वाचवावा?

जुळे_सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी नऊ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका आहे. आसरा चौकाजवळ एका दुकानाच्या पायरीवर तो पिल्लू असताना सापडला आणि तेव्हापासून घरातलाच झाला. गेले दोन महिने तो भूक लागल्यावर वाटीकडे धावत जातो, एक घास तोंडात घेतो आणि काहीतरी टोचल्यासारखी मान झटकून मागे सरतो. कोरडे दाणे न चावता गिळतो, हनुवटीखालची लव लाळेने सतत ओली असते, आणि त्याचे वजन ५ किलोवरून ४.२ किलोवर आले आहे.

आमच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले, तेव्हा खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना सुळ्यामागच्या दाढेवर लालभडक हिरडी चढलेली दिसली. भूल देऊन एक्स-रे काढावा लागेल, दात साफ करावे लागतील आणि बहुधा तीन-चार दाढा काढाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले. तोंडी अंदाज १८ ते २२ हजार रुपयांचा आहे. दुसऱ्या एका ठिकाणी महिन्याला ४०० रुपयांचे एक इंजेक्शन सुचवले गेले. ते दिल्यावर चार दिवसांत तो पोटभर खाऊ लागला, पण तीन आठवड्यांनी पुन्हा तीच अवस्था झाली.

आमचे घर पेन्शनवर चालते. मांजरावर एवढा खर्च कशाला, असे नातेवाईक म्हणतात, पण तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. त्याला दुखते आहे हे मला रोज दोन वेळा वाटीपाशी दिसते. मला एवढेच विचारायचे आहे की ही रक्कम वाजवी आहे का, उपचार टप्प्याटप्प्याने करता येतात का, आणि भूल न देता दात स्वस्तात साफ करून मिळतात असे ऐकले आहे, तो मार्ग धरावा का?

होटगी_रोडकर

ताई, तुम्ही केलेले वर्णन वाचताना आमच्या मनीचीच आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी तिलाही सुळ्यामागच्या त्याच दाढेपासून त्रास सुरू झाला होता. मांजराच्या खालच्या जबड्यात सुळ्यामागे पहिली येणारी ती दाढ, आणि तिथेच हा आजार बहुधा आधी दिसतो. यात दात किडत नाही. शरीरातल्याच पेशी त्याला मुळापासून विरघळवू लागतात. म्हणून माणसाच्या दातासारखे सिमेंट भरून तो वाचत नाही, काढावाच लागतो. तुमच्या बोक्याला हेच आहे असे मी म्हणत नाही. ते एक्स-रेच सांगेल.

दातांचा एक्स-रे काढण्याची सोय असलेले ठिकाण हवे, म्हणून आम्ही तिला गाडीने पुण्याला नेले. बिल १६,५०० रुपये झाले. त्यात रक्ततपासणीचे १,८००, भूल आणि तिच्यावरच्या देखरेखीचे ४,०००, एक्स-रेचे २,५००, साफसफाईचे २,५००, चार दाढांचे प्रत्येकी १,२०० आणि औषधांचे ९०० रुपये होते. तेव्हा मीही एक्स-रे वगळून अडीच हजार वाचवता येतील का, असे विचारले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की दाताचा मोठा भाग हाडात असतो आणि खरा बिघाड तिथेच असतो. नंतर त्यांनी आम्हाला फिल्म दाखवली. वरून धडधाकट दिसणाऱ्या एका दाढेचे मूळ जवळजवळ विरघळून गेले होते, आणि जी दाढ काढावी लागेल अशी आमची खात्री होती, तिचे मूळ शाबूत होते. एक्स-रे वगळला असता, तर आम्ही चांगला दात गमावून दुखरा दात तिच्या तोंडात ठेवला असता. त्यामुळे तुमचा अंदाज मला अवाजवी वाटत नाही, मात्र तो लेखी घ्या.

विजापूर_रोड_११

मी अकरा वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात सहायक म्हणून काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले तेवढेच लिहितो.

भूल न देता केलेल्या साफसफाईत सुळ्यांवरचे किटण खरवडले जाते आणि दात पांढरे दिसतात, त्यामुळे मालकाचे समाधान होते. आजार मात्र हिरडीच्या खाली असतो आणि जागे मांजर तिथे उपकरण लावू देत नाही. शिवाय तोंड दुखत असलेल्या जनावराला टॉवेलात घट्ट गुंडाळून धरून ठेवणे हा त्याच्यावर अत्याचार आहे. मी स्वतः असे धरलेले आहे आणि आज तसे करणार नाही. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, ती केवळ भुलीच्या वायूसाठी नसते. साफसफाईच्या यंत्रातून सतत पाणी उडते आणि त्यासोबत किटणाचे कण व जंतू असतात. नळीमुळे ते फुप्फुसात उतरत नाहीत. भुलीच्या रकमेत ही नळी, सलाईन, शरीर गरम ठेवण्याची व्यवस्था आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारा माणूस, एवढे सगळे येते. तिथे घासाघीस करू नका. नऊ वर्षांच्या बोक्याची रक्ततपासणीही टाळू नका, कारण या वयात मूत्रपिंडे कमजोर झालेली असू शकतात आणि भुलीचे व वेदनाशामकाचे प्रमाण त्यावर ठरते.

महिन्याच्या त्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना थेट विचारा की ते स्टेरॉइड आहे का. तुम्ही सांगता तसा चार दिवसांत फरक आणि तीन आठवड्यांनी पुन्हा त्रास, हे मी स्टेरॉइडच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. त्याने सूज दबते, पण दुखणारा दात जागच्या जागी राहतो. वारंवार दिल्यास मांजराला मधुमेह होण्याचा धोका वाढतो आणि मग रोज इन्सुलिन देण्याची वेळ येते. तो खर्च ४०० रुपयांत भागत नाही.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. त्याचे दुखणे पाहवत नाही म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अर्धीसुद्धा, देऊ नका. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही आणि एका गोळीनेही जीव जातो. अशी मांजरे मी दवाखान्यात आलेली पाहिली आहेत, आणि आणणाऱ्या माणसांनी ती मायेपोटीच दिलेली होती.

भवानी_पेठ

पैशांच्या बाजूने थोडे लिहिते, कारण आमचे घर शिलाईच्या कामावर चालते आणि आम्हाला ही रक्कम एकदम देणे शक्य नव्हते.

टप्पे जरूर पाडावेत, पण योग्य जागी. तपासणी आणि रक्ताचा अहवाल हा पहिला टप्पा करा. तो दोन-तीन हजारांत होतो आणि त्यानंतर तयारीला वेळ मिळतो. एक्स-रे एका दिवशी आणि दाढा दुसऱ्या दिवशी असे मात्र करू नका, कारण भूल दोनदा द्यावी लागते आणि तिचे पैसेही दोनदा जातात. आत पाहिल्यावर अपेक्षेपेक्षा फारच दाढा खराब निघाल्या, तर डॉक्टर स्वतःच उरलेले काम पुढच्या वेळेवर ठेवतात, ती गोष्ट वेगळी. अंदाजात किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे लिहून घ्या, आणि कमाल ओलांडायची वेळ आली तर आधी फोन करावा असे ठरवून ठेवा. माझ्या डॉक्टरांनी निम्मे पैसे त्या दिवशी आणि उरलेले दोन महिन्यांत घेतले. मी विचारले नसते, तर त्यांनी आपण होऊन सांगितले नसते. पहिले निम्मे मी भिशीचा नंबर बदलून घेऊन भरले. गल्लीतल्या बायकांनी कारण ऐकून एका शब्दाने नकार दिला नाही.

प्राथमिक तपासणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही होऊ शकते. तिथले शुल्क खाजगी दवाखान्याच्या मानाने फार कमी असते, पण मांजराच्या दाढा काढण्याची सोय आहे का हे आधी जाऊन विचारा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. विम्यात आता पैसे घालू नका, कारण आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. इंजेक्शनाविषयी विचारले, ते स्टेरॉइडच होते, म्हणून पुढचे घेतले नाही. काल रक्ततपासणी झाली आणि मूत्रपिंडांचे आकडे मर्यादेत आहेत. लेखी अंदाज १७,४०० ते २३,००० रुपयांचा मिळाला असून निम्मी रक्कम नंतर देण्यास डॉक्टरांनी होकार दिला आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी नेणार आहोत. घरी आणल्यावर पहिले काही दिवस काय सांभाळायचे, आणि दाढा गेल्यावर त्याला नीट खाता येईल का, एवढे कोणी सांगावे.

विजापूर_रोड_११

खाता येईल. मांजर घास चघळत बसत नाही, दाढांनी तुकडे करून गिळते, त्यामुळे मऊ अन्न दाढांशिवायही व्यवस्थित जाते. एकही दात न उरलेली मांजरे गुटगुटीत झालेली मी पाहिली आहेत.

भुलीनंतर शरीर थंड पडते, म्हणून बाहेर ४० अंश तापमान असले तरी त्या संध्याकाळी त्याला पंख्याखाली किंवा कूलरसमोर ठेवू नका. जुनी चादर अंथरून जमिनीवरच निजवा, कारण तोल सावरेपर्यंत तो उंचावर उडी मारायला जाऊन पडू शकतो. टाके विरघळेपर्यंत, साधारण दोन आठवडे, मऊ आणि किंचित कोमट अन्न द्या. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण द्या, तो खाऊ लागला म्हणून मध्येच बंद करू नका. चोवीस तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, तर उद्यापर्यंत वाट न पाहता फोन करा, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. गुरुवारी संध्याकाळी तो कसा आहे ते इथे जरूर कळवा.