रीमा लागूंना 'आई' करून सिनेमानं वाया घालवलं की मोठं केलं?

लाखांदूरची लेक (धागा सुरू करणारी)

गावच्या मंडईला (दिवाळीनंतरच्या जत्रेला) यंदा कोणतं नाटक आणायचं, यावर बैठक झाली. वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) एका नाटक कंपनीचं नाटक जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात एक जण म्हणाले, "हिरोईन जुनी झाली, तिला आता आईचा रोल द्यायला सांगा." ती बाई जेमतेम पस्तिशीची. तेव्हापासून रीमा लागू डोक्यातून जात नाहीत.

माझं मत सरळ आहे. सिनेमानं या बाईवर अन्याय केला. रंगभूमीवर 'पुरुष'मधली अंबिका त्यांनी केली, 'सविता दामोदर परांजपे'त त्या होत्या. पडद्यावर 'सिंहासन' (१९७९), 'आक्रोश' (१९८०), 'कलयुग' (१९८१) अशी सुरुवात. आणि १९८८ मध्ये 'कयामत से कयामत तक'मध्ये थेट जुही चावलाची आई! जन्म १९५८चा, म्हणजे तिशीत. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'त सलमानची आई, दोघांच्या वयात सात वर्षांचं अंतर. 'वास्तव'मधला त्यांचा मुलगा संजय दत्त तर त्यांच्यापेक्षा फक्त वर्षभरानं लहान. तो त्यानंतरही कितीतरी वर्षं नायकच राहिला. हे कोणालाच खटकलं नाही?

धानवाला काका

ताई, तुमचा राग समजते मले, पन मी तुमच्या संगं नाही जी. आमच्या गावात शारदेच्या मांडवात व्हिडिओ लावून 'मैंने प्यार किया' दाखवला होता. पोरं गान्यांसाठी बसली होती, पन बाया शेवटपर्यंत उठल्या नाही, त्या आईसाठी. तवाच्या सिनेमातली आई म्हनजे रडनारी, खोकलनारी. ही आई हसत होती, नीटनेटकी राहत होती, पोराच्या पसंतीसाठी नवऱ्यापुढं उभी राहत होती. घराघरातल्या बायांना तशी आई व्हावंसं वाटलं. याले वाया गेलं कसं म्हनता? त्या काळातल्या कितीक नायिका दोन-चार सिनेमे करून घरी बसल्या. रीमाबाईंचं नाव लहान पोरालेही ठाऊक आहे.

झाडीची नटी

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या रंगभूमीवर, काम करते, म्हणून लिहिते. काका, आईचं कौतुक प्रेक्षकात बसून करणं सोपं आहे. नायिकेची नाईट (एका प्रयोगाचं मानधन) वेगळी, आईची वेगळी. पोस्टरवर नायिकेचा फोटो मोठा, आमचा कोपऱ्यात. आणि एकदा आईचा रोल घेतला की पुढच्या सीझनला कोणी नायिकेसाठी विचारतच नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. पहिल्या अंकात मी लग्नाची मुलगी असते. शेवटच्या अंकात विंगेतल्या एका बल्बखाली केसांना सफेदा फासते, पाठीला पोक काढते आणि माझ्याच वयाच्या नटाला 'बाळा' म्हणते. तो मात्र तोच शर्ट घालून पुन्हा नाचायला जातो. हे मला मान्य नाही. त्यामुळे ताईंचं म्हणणं मला पटतं.

ब्रम्हपुरीचे मास्तर

दोघींचं दुःख खरं आहे, पण रीमाताईंचं चित्र तुम्ही अर्धंच काढताय. टीव्ही विसरलात. 'श्रीमान श्रीमती'तली कोकिळा कोणाची आई म्हणून लक्षात राहिली नाही. नवऱ्याला सांभाळणारी, मोठ्यानं हसवणारी बायको म्हणून राहिली. 'तू तू मैं मैं'मध्ये सुप्रिया पिळगावकर सून, त्या सासू, आणि भांडणात दोघी तोलामोलाच्या. विनोदाचं इतकं अचूक टायमिंग सिनेमानं त्यांच्याकडे कधी मागितलंच नाही. शेवटच्या 'नामकरण' मालिकेत तर गोड आई नाहीच, कठोर दयावंती. १८ मे २०१७ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी गेल्या, तेव्हाही ती मालिका सुरूच होती. अशा बाईला 'बिचारी' म्हणणं मला तरी जमत नाही.

लाखांदूरची लेक

मास्तर, बिचारी मी म्हटलंच नाही. कमी पडला तो सिनेमा, त्या नाही. फिल्मफेअरची नामांकनं बघा: 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन', 'वास्तव'. चारही सहाय्यक अभिनेत्रीची, चारही आईच्या भूमिकेची, आणि पुरस्कार एकदाही नाही. त्याच साच्यात राबवून घेतलं आणि त्याच साच्याचं बक्षीसही दिलं नाही.

धानवाला काका

पुरस्काराचं सोडा. 'वास्तव'चा शेवट आठवा. पोरगा मायले म्हनते, मले यातून सोडव. ती माय पिस्तूल हातात घेते. पोराले जवळ घेते आन् गोळी घालते. मी तो सिनेमा गडचिरोलीत थेटरात पाहिला. माझ्या बाजूचा गडी तोंडावर दुपट्टा धरून बसला होता. ही ताकद नायिकेच्या रोलमंधी मिळाली असती काय?

झाडीची नटी

तो प्रसंग माझ्याही डोळ्यापुढे आहे, काका, आणि त्यानंच माझं म्हणणं पक्कं होतं. तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. ज्या बाईच्या हातात सिनेमाचा शेवट दिला, तिच्यावरच अख्खा सिनेमा का नाही लिहिला? आमच्या भागातले लेखक लिहितात, पण गावात नाटक आणणारी मंडळं मागत नाहीत. तुम्ही मंडळात आहात ना? मग या सीझनला असं नाटक मागा, ज्यात चाळिशीची बाई मधोमध उभी आहे आणि ती नुसती कोणाची आई नाही.

धानवाला काका

मागतो जी, कंपनीच्या लोकांशी उद्याच बोलतो. पन तिकिटं नाही खपली तर कंपनीचे पैसे गावानं वर्गनी करून भरा लागतात, हे तुमालेही ठाऊक आहे. पोस्टरवर कोनाचा फोटो टाकू, ते सांगा.

झाडीची नटी

तिचाच टाका. मोठा.