मदत हवी आहे: इंजेक्शनांनंतर आबांना ऐकू येईना

पंचगंगा_काठ: आबांना परवा घरी आणलं. ताप उतरला, पण ऐकू येईना झालंय. काल कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, आबा शेजारीच लसूण सोलत बसलेले, मान वर केली नाही. माझं बोलणं कळतं, नातीचं नाही. कानात सारखं कुंऽऽ वाजतंय म्हणतात. इंजेक्शनांमुळं असेल का? कोल्हापुरात कुठं दाखवू? लवकर सांगा.

शाहूपुरीकर: कुठली इंजेक्शनं? वय किती? ताप कशाचा? काहीच लिहिलं नाहीस भावा.

रंकाळा_वारा: मळ असणार. माझा काढला आणि लगेच लख्ख ऐकू आलं. कोमट लसूणतेल सोडून बघा.

शाहूपुरीकर: तेल अजिबात नको! पडद्याला भोक असलं तर आणखी घोळ.

रंकाळा_वारा: आमच्यात पिढ्यान् पिढ्या सोडतात.

पंचगंगा_काठ: वय ७१. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलेलं. कार्डावर अमिकासिन, १० दिवस. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) २.१, म्हणजे वाढलेलं.

श्रवण_ताई: मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याच्या तपासण्या करते. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन (टीबीची सुई) एकाच गटातली अँटिबायोटिक्स. ती आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या रोमपेशींत शिरतात, आणि मेलेली रोमपेशी माणसात परत येत नाही. बारीक, चिरक्या आवाजाच्या पेशी आधी जातात, म्हणून शिट्टी आणि नात. किडनी मंद असली की औषध अंगात जास्त साठतं. बंद केल्यावरही काही आठवडे ऐकणं उतरू शकतं, म्हणून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) उद्याच करा, पुढं परतही. सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) कान-नाक-घसा विभाग आहे. अंधारात चालताना झोक जातो का?

उचगाव_एक्सप्रेस: म्हणजे डॉक्टरनं चुकीचं दिलं?

श्रवण_ताई: तसं नाही. रक्तातल्या इन्फेक्शननं जीव जातो. पण किडनी अशी असताना डोस बेतावा लागतो, कानावर लक्ष ठेवावं लागतं.

कळंबा_तळं: चार्जिंगचं श्रवणयंत्र घ्या, सेलची कटकट नाही.

शाहूपुरीकर: यंत्राचं कुणी विचारलंय? आधी तपासणी होऊ दे.

पंचगंगा_काठ: ताई, रात्री भिंत धरून मोरीकडं जातात. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

श्रवण_ताई: आतल्या कानातला तोलाचा भागही तपासून घ्या. आबांच्या आईकडच्या कुणाला, भावंडांना असं झालंय का? काही घराण्यांत एक जनुकीय बदल असतो, त्यात थोड्या डोसनंही कान जातात.

पंचगंगा_काठ: थोरल्या आत्याला टीबीच्या सुयांनंतर कमी ऐकू यायचं. वयाचं म्हणून सोडून दिलं.

श्रवण_ताई: मग डॉक्टरांना हे आधी सांगा. हा बदल आईकडूनच येतो. तुम्हाला आबांकडून येणार नाही, आत्याच्या पोरांना येऊ शकतो.

पंचगंगा_काठ: आत्याच्या पोरीचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. आत्ताच फोन लावतो.